गाव तिथे हायकू

निसर्ग कितीही मोठा असला तरी त्याच्यावर कविता झाल्याशिवाय तो अधिकृत धरता येत नाही. डोंगराला उंची असते, नदीला पात्र असते, पण दोघांनाही दर्जा मिळतो तो कवीच्या सहीने. ही गोष्ट आमच्या तालुक्याच्या फार उशिरा लक्षात आली. आल्यावर मात्र आम्ही वेळ दवडला नाही आणि निसर्ग-प्रसन्नता समिती स्थापन केली. (मी तिचा चिटणीस. चहा सोडला तर काम निःस्वार्थ आहे.)

समितीचे अध्यक्ष अमृतराव यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. ते नांदेडला एका साहित्य शिबिराला गेले असता जेवणानंतरच्या सत्रात त्यांना हायकू हा जपानी काव्यप्रकार समजला. म्हणजे जागे होते तेवढा समजला. तीन ओळी. पाच, सात, पाच अक्षरे. विषय निसर्ग. निसर्ग आनंदीच असावा ही अट मात्र जपानची नाही, अमृतरावांची. परत येताना लोह्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्यांची मोहीम तयार होती : गाव तिथे हायकू.

आम्ही गावोगाव पत्रक धाडले, ‘आपल्या गावाचा हायकू त्वरित कळवावा.’ आता आमच्याकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, हे जपान्यांना कोणी सांगितले नसावे. गावांना वाटले, सरकार विचारून राहिलं, हाय का? उत्तरे आली : ‘हाय’, ‘न्हाई’, ‘मागणी केली हाय’, आणि नदीकाठच्या एका गावाचे, ‘होता, पुरात गेला’. ही उत्तरे आम्ही मुक्तछंद म्हणून स्वीकारली आणि नियमावली काढली.

नियमावलीत आटणे, सुकणे, करपणे या क्रियापदांना बंदी होती. बाभूळ चालेल, काटे वगळून. कावळा चालेल, पण गाताना. जोडाक्षर एकच धरावे (यावर दोन बैठका आणि एक राजीनामा झाला). शिवाय ‘बसून राहिलो’ असे लिहू नये, कारण सतरांतली सहा अक्षरे नुसती बसण्यातच जातात. प्रतिसाद उदंड आला. त्यात शेकडा ब्याण्णव मोर होते, पाच इंद्रधनुष्ये आणि उरलेले अमृतरावांचे अभिनंदन.

राहता राहिले निळेवाडी. तिथल्या सरपंच चतुराबाईंनी पत्रकावर ‘हायकू न्हाई, पाणी बी न्हाई’ असे लिहून ते परत धाडले. एवढ्या उदासीनतेने मोहीम शंभर टक्के होईना. शेवटी तिथल्या शाळेचे सत्यम सर पुढे झाले. त्यांच्या नावावर झाडे लावा, हात धुवा आणि साक्षर व्हा अशी अनेक कामे होतीच. त्यांनी मधल्या सुट्टीत हेही उरकले :

विहीर भरे
काठोकाठ आनंद
घागर हसे

अहाहा! अमृतरावांनी त्याचा फ्लेक्स करून टँकर पाठवणाऱ्या कार्यालयाच्या फाटकावर लावला. (कार्यालयाचे नाव देत नाही, त्यांना प्रसिद्धी आवडत नाही.) तिथल्या साहेबांना कवितेची आवड होती. त्यांनी तो दोनदा वाचला, मान डोलावली आणि निळेवाडीचा टँकर बंद केला. विहीर काठोकाठ असताना टँकर म्हणजे उधळपट्टीच की! साहित्याचा समाजावर परिणाम होत नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

दुसऱ्या आठवड्यात चतुराबाई भर बैठकीत आल्या. गावातल्या बाया दोन कोस पायपीट करून, दुसऱ्यांच्या शेतातल्या बोअरवर हातापाया पडून पाणी आणून राहिल्या होत्या. बाईंचा संताप अनावर होता.

“अध्यक्ष सायेब, इहिरीत थेंब न्हाई, घागर कशाला हासंल? याड लागलं का तिला?”

“चतुराबाई, ती घागर प्रतीकात्मक आहे,” अमृतराव समजुतीने म्हणाले.

“मग टँकर बी तसाच धाडून राहिले का? पोरांनी काय प्यावं?”

मला वाईट वाटले. हायकूत प्रश्नचिन्ह बसत नाही, आणि बाईंनी एवढ्यात चार वापरली होती.

तरी समितीने माणुसकी सोडली नाही. आम्ही साहेबांना भेटलो. ते म्हणाले, पाणी असल्याचा पुरावा हायकूने आला आहे, तेव्हा दुरुस्तीही हायकूनेच यावी, समितीच्या शिक्क्यानिशी. आणि समितीचा शिक्का फक्त आनंदी हायकूवर बसतो. म्हणजे चतुराबाईंना एवढेच करायचे होते : विहीर कोरडी असल्याचे प्रसन्नपणे कळवायचे. यात अवघड ते काय?

बाई ओसरीवर बसून बोटे मोजू लागल्या. सत्यम सर अपराधी चेहऱ्याने अक्षरे तपासून देत होते. दोन दिवसांनी बाईंनी समितीपुढे उभे राहून, दात ओठ खाऊन, वाचले :

तळ दिसला
किती छान सुकला
मोर नाचला

‘सुकला’ हा शब्द बंदीतला होता, पण त्याच्याआधी ‘किती छान’ आल्याने तो प्रसन्न झाल्याचा निर्वाळा अमृतरावांनी दिला. डोळे पुसत त्यांनी शिक्का मारला. वर मोहिमेतला तालुक्याचा पहिला क्रमांक देऊन बाईंचा सत्कारही केला : शाल, श्रीफळ आणि कुंडीतले एक रोप, रोज तांब्याभर पाणी घालावे या सूचनेसह. बाईंनी रोपाकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि माइकवरून जे बोलल्या ते वृत्तांतात ‘आभार’ म्हणून नोंदवले आहे.

शिक्का मारलेला हायकू साहेबांकडे पोचला. साहेबांनी रसिकतेने शेवटची ओळ उचलली. मोर नाचला, म्हणजे निळेवाडीला पाऊस झाला. फाइल कायमची बंद झाली.

हायकू मात्र थांबला नाही. कंधारच्या एका प्राध्यापिकेने त्यात शून्यत्व शोधले, लातूरला एकाने त्याला चाल लावली, आणि मोबाइलवर तो इतका फिरला की निळेवाडीचे नाव पार अमेरिकेपर्यंत गेले. हजारो लोकांनी ‘वाह!’ लिहिले, फुले टाकली, हात जोडले. टँकर सुरू झाला का, असे त्यात एकानेही विचारले नाही.

तुम्हीही नाही. तुम्ही मघाशी बोटांवर अक्षरे मोजत होता. सतराच आहेत, काळजी नसावी.