खोली क्रमांक अकराचे सूत्रसंचालक

पहिल्याच दिवशी, पहाटे पाच वाजता, माझ्या उशाशी उभं राहून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "यानंतर मी खोली क्रमांक अकराचे सन्माननीय सदस्य, यवतमाळहून आलेले आपले मित्र, यांना विनंती करतो की, बाथरूम रिकामी आहे तोवर त्यांनी आपला कार्यक्रम उरकून घ्यावा."

मी डोळे उघडले. समोर बनियन आणि टॉवेलमधला एक काटकुळा मुलगा उभा होता. हातातला टूथब्रश त्याने माइकसारखा तोंडापुढे धरला होता.

हा अंबादास ढगे. महागावकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाच्या आवारात मे महिन्यात चार आठवड्यांचा निवासी उन्हाळी वर्ग भरला होता. विषय माती आणि पाणी. सकाळी शेतात जाऊन मातीचे नमुने काढायचे, दुपारी प्रयोगशाळेत ते तपासायचे, संध्याकाळी कुणातरी तज्ज्ञाचं व्याख्यान ऐकत डुलक्या घ्यायच्या. आमच्या खोलीत आम्ही तिघे: मी, अंबादास आणि वणीचा आरिफ. आरिफच्या वडिलांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे खोलीतल्या कूलरची देखभाल आपोआप त्याच्याकडे आली. अंबादासकडे उरलेलं सगळं जग आलं.

अंबादासच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट हा एक कार्यक्रम होता आणि त्याला सूत्रसंचालक नव्हता, एवढीच काय ती त्रुटी. मेसमध्ये रांगेत उभं असताना तो "आता आपल्यासमोर येत आहे वांग्याची भाजी" असं जाहीर करायचा. शेतात खड्डा खणताना वरचा थर संपला की "आता मी मातीच्या दुसऱ्या थराला विनंती करतो" असं म्हणून फावडं मारायचा. आरिफ घोरायला लागला की "आरिफभाईंनी आपले मनोगत मोजक्या शब्दांत मांडावे" अशी चिठ्ठी त्याच्या छातीवर ठेवायचा.

"अबे, तुले थकवा नाही येत का?" आरिफने एकदा त्याला विचारलं.

"कार्यक्रम नसला तं माणूस नुसता बसून राह्यते," अंबादास म्हणाला. "नुसतं बसणं लय वाईट, बाप्पा."

मला समारंभांचा मनापासून कंटाळा आहे. वडील शाळेत मुख्याध्यापक असल्यामुळे लहानपणी इतके सत्कार पाहिले, की आजही नारळ दिसला की मला जांभई येते. आणि नशिबाने मला खोली मिळाली ती अशी. अंबादासच्या पेटीत एक शाल आणि एक नारळ कायम तयार असायचा. कूलरची मोटर बदलायला आलेल्या माणसाचा त्याने सत्कार केला. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश तापमान, तो माणूस घामाने निथळतोय आणि हा त्याच्या खांद्यावर लोकरीची शाल पांघरतोय.

"मारतं काय त्याले?" आरिफ ओरडला.

त्या माणसाला बिचाऱ्याला खरंच भरून आलं. तो शाल घेऊन निघाला, तर अंबादासने दारात गाठून ती परत मागितली. "ही फक्त सत्काराची हाय, दादा. न्यायची नाही." नारळही परत घेतला. चार आठवड्यांत त्या एका नारळाने सतरा माणसांचा सन्मान केला आणि शेवटी तो आतून इतका सुकला की हलवला तर खुळखुळायचा.

त्याच्याकडे एक वही होती. तिच्यात विशेषणं होती, हुद्द्यानुसार लावलेली. प्राचार्यांसाठी 'अभ्यासू', तहसीलदारांसाठी 'कार्यतत्पर', सरपंचांसाठी 'तडफदार', निवृत्त माणसासाठी 'मार्गदर्शक'. मी विचारलं, "प्राचार्य अभ्यासू नसले तर?"

"मंग 'मनमिळाऊ' म्हनायचं," तो म्हणाला. "तेवढं तं कोनीही असते."

"मी कोण?"

त्याने वही चाळली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "'चिकित्सक'. पण ते मी स्टेजवर कोनाले म्हनत नाही."

हे सगळं मी सहन केलं, कारण दुसरी खोली रिकामी नव्हती. मी तशी चौकशी केली होती.

तिसऱ्या आठवड्यात समारोपाची हवा सुरू झाली. समारोपाला मोठे पाहुणे येणार, मांडव उभा राहणार. सूत्रसंचालन अंबादास करणार याबद्दल कुणाला शंका नव्हती, अंबादासला तर नव्हतीच. त्याने आरशासमोर सराव सुरू केला. बारा मुद्द्यांची कार्यक्रमपत्रिका आम्हाला पाठ झाली. एका संध्याकाळी त्याने गावी वडिलांना फोन करून मोठ्याने सांगितलं, "बाबा, समारोपाले या. माइक माह्याजवळच राह्यते. सकाळपासून संध्याकाळलोक चालते!"

दुसऱ्या दिवशी समन्वयक सरांनी मला बोलावून घेतलं. "सूत्रसंचालन तुम्ही करा. तुमची भाषा जरा शुद्ध आहे. अंबादास उत्साही आहे, पण ते 'मले-तुले' पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही."

मी म्हणालो, "सर, मला या प्रकारात रस नाही."

सर म्हणाले, "म्हणूनच तुम्ही आटोपशीर कराल."

खोलीत येऊन मी अंबादासला हे सांगितलं. वाटलं होतं, तो निषेध सभा घेईल, निदान ठराव तरी मांडेल. पण बादली उचलून त्याने कूलरमध्ये पाणी भरलं. टाकी आधीच भरलेली होती, त्यामुळे पाणी खोलीभर झालं. मग फडकं घेऊन तो ते पुसत बसला. पुसून झाल्यावर विशेषणांची वही त्याने माझ्या पलंगावर ठेवली.

"घे. तुले लागन."

"बाबाले फोन लाव न," आरिफ म्हणाला. "सांगून दे, नका येऊ म्हणून."

"कसं सांगू, यार? त्यायनं सदरा इस्त्री करून ठेवला. जिंदगीत पह्यल्यांदा इस्त्री केली त्यायनं. बाजूवाल्या काकूनं सांगतलं मले."

पुढचे चार दिवस खोली क्रमांक अकरामध्ये एकही कार्यक्रम झाला नाही. मी अलार्म लावून उठू लागलो. मला हवी होती ती शांतता मिळाली होती, आणि ती मला अजिबात सोसत नव्हती. याचा मला अंबादासच्या कार्यक्रमांपेक्षाही जास्त राग आला.

समारोपाच्या दिवशी सकाळी माझा आवाज गेला. मला दया वगैरे आली, असं कुणी समजू नये. मला फक्त आरोग्यखात्यापासून कृषिखात्यापर्यंत सगळ्यांना 'कार्यतत्पर' म्हणायचं नव्हतं. मी गळ्याला रुमाल गुंडाळून समन्वयक सरांसमोर उभा राहिलो आणि बोटाने घसा दाखवला.

"कूलरसमोर झोपला सर, बसला घसा," आरिफने खुलासा केला. "आता अंबादासच हाय."

सरांनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती.

अंबादास माइकपाशी गेला. मांडवाच्या शेवटच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पांढरा कडक सदरा घातलेला एक म्हातारा माणूस मांडीवर पिशवी ठेवून बसला होता. स्वागत झकास झालं. मी मनातल्या मनात दोन-अडीच तासांची तयारी केली. दोनदा तो 'मले' म्हणाला. पाहुण्यांना काही झालं नाही.

आणि मग अंबादासला काय झालं कोण जाणे. पाहुण्यांचा परिचय त्याने एका वाक्यात संपवला. सहा सत्कार होते, ते त्याने सहाही जणांना एकदम उभं करून उरकले. प्रास्ताविकाला उठलेल्या समन्वयक सरांना "सर, दोन मिनिटं" असं भर माइकवर सांगितलं. प्रमुख पाहुणे पाण्याच्या इतिहासात शिरले, तर पाचव्या मिनिटाला हा त्यांच्या शेजारी हात जोडून जाऊन उभा राहिला आणि त्यांचं वाक्य संपेपर्यंत हललाच नाही. वाक्य संपल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि पाहुण्यांना बसावं लागलं. वहीतलं एकही विशेषण वापरलं नाही. पस्तीस मिनिटांत राष्ट्रगीत. आचारी धावत मेसकडे गेला, कारण अजून भात टाकला नव्हता.

मंचामागे मी त्याला गाठलं. "अरे, महिनाभर आमचं डोकं खाल्लंस आणि आज ही काय घाई? एवढं सगळं करून तुला माइक मिळवून दिला तो यासाठी?"

माझा आवाज गेलाय, हे मी विसरलो होतो. पलीकडे समन्वयक सर वळून पाहू लागले. अंबादासचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं.

"बाबाची कंबर धरते," तो म्हणाला. "मागच्या साली बैलबंडीवरून पडले ते. त्या खुर्चीत त्यायले बसणं होत नाही. तीनदा उठल्यावानी करून पुन्हा बसले. मले वरून दिसून राह्यलं होतं. एवढ्या लोकायच्या मधातून उठून जातीन कसे ते?"

तेवढ्यात बाबाच पिशवी घेऊन आले. एक हात कमरेवर होता.

"झालं एवढ्यातच?" त्यांनी मुलाला विचारलं.

"झालं, बाबा."

"संध्याकाळलोक चालते म्हनला होता न तू? म्या तं शिदोरी बांधून आनली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बसून कंबर दुखते माही, पन कान चांगले हायेत. याची माय गेली तवापासून घरात हाच बोलते. सकाळी उठवते, जेवाले बोलावते, सारं भाषनातच. चार हप्ते झाले, घरात आवाजच नाही. म्हनलं, आज पोटभर ऐकून घेऊ."

अंबादासने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

मेसमध्ये भात शिजायला अजून वेळ होता. बापलेक जेवणासाठी थांबले नाहीत, दुपारची गाडी गाठायची होती. आरिफ आणि मी पेटी उचलून फाटकापर्यंत गेलो. एसटी आली. अंबादासने आपली चादर चौघडी घालून सीटवर अंथरली, बाबांना खिडकीशी बसवलं आणि आमच्याकडे बघून नुसता हात हलवला.

गाडी वळून रस्त्याला लागली तेव्हा खिडकीतून दोघे दिसले. अंबादास बाबांकडे तोंड करून, हातवारे करत काहीतरी सांगत होता. सगळा कार्यक्रम पहिल्यापासून सांगत असावा. बाबांनी डोळे मिटून मान मागे टेकवली होती, आणि मध्येच ती हलायची.