नवागामला गेलेला समुद्र

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि ललितच्या हॉलची भिंत पापडासारखी फुगली. भिंत फोडल्याशिवाय इलाज नाही, असं गवंड्याने सांगितलं. नेमकं त्या भिंतीलाच टेकून ललितचं मत्स्यालय होतं. साधंसुधं नव्हे, खाऱ्या पाण्याचं. केशरी पट्ट्यांचे मासे, आणि दगडांवर त्याने लेकरासारखी वाढवलेली जांभळी, हिरवी प्रवाळं.

"सिमेंटची धूळ पाण्यात गेली तर सगळं मरेल," ललित म्हणाला.

"मग नेऊन ठेवा कुठेतरी," नूतन, त्याची बायको, म्हणाली.

समोरच्या गुजराती काकींना त्याने परोपरीने सांगितलं, की हे मासे शोभेचे आहेत, खायचे नाहीत. काकी जवळजवळ तयार झाल्या होत्या. पण त्यांनी विचारलं, "ए लोको खाय शुं?" आणि ललितच्या तोंडून 'कोळंबी' निघून गेलं. काकींनी दारातूनच हात जोडले. "ललितभाई, अमारा घरमां नी चाले."

शेवटी उरलं सुरतमधलंच नवागाम. तिथे ललितचे वडील, धुडकूआबा, एका खोलीत एकटे राहत. जन्मभर कापड विणायच्या खडखडत्या लूमवर काम करून त्यांना कमी ऐकू येई. ललित काय सांगतोय ते पुरतं कळायच्या आतच त्यांनी आपली खाट बाहेर ओट्यावर काढली.

"आन, भो. तुनंच घर शे."

टेम्पोतून टाकी, पंप, दिवे, खाऱ्या पाण्याचे कॅन उतरले. बघायला गल्ली लोटली. दुसऱ्याच दिवशी नळ गेला म्हणून शेजारच्या सखुबाईंनी कॅनमधलं पाणी वरणाला घेतलं. संध्याकाळी त्या भांडायला हजर. "ललित, हाई कसं पानी रे? आख्खं वरन फेकनं पडनं!"

एरवी दिवाळीला येणारा ललित आता ऑफिस सुटलं की रोज नवागामला येऊ लागला. आला की थेट टाकीपुढे बसे. पाणी तपासे, मासे न्याहाळी. आबा चहाचं विचारत. "नको आबा, घाईत आहे," म्हणून तो उठे.

एका संध्याकाळी आबा दारातच उभे होते. चेहरा नुसता फुललेला.

"देख! दगड किती घान व्हई गयथात. समदा घसीसन धुई टाकात!"

टाकीतले दगड लख्ख दिसत होते. जांभळं गेलं होतं, हिरवं गेलं होतं. भांडी घासायची तारेची घासणी खिडकीत वाळत होती. मासे एका कोपऱ्यात अंग चोरून बसले होते.

"आबा, ती घाण नव्हती! जिवंत होतं ते सगळं!" ललित ओरडला. "एक वस्तू सांभाळायला दिली, तेवढंही जमलं नाही तुम्हाला?"

हे मात्र आबांना नीट ऐकू आलं. "जित्ता व्हतात?" ते दगडांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तू रोज येस, म्हनीसन साफ करी ठेवं."

ललित तसाच निघाला. घरी नूतनने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आबा जेवले होते का?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माफी मागायला तो सकाळीच गेला, तर खोलीला कुलूप. "कॅन लिसन गयात. माले काई बोलनात नही," सखुबाई म्हणाल्या. ललितने आसपासच्या गल्ल्या, टपऱ्या, रिक्षास्टँड पालथे घातले. दुपारी आबा रिक्षातून उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेला, एका हातात गढूळ पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात दगडांची पिशवी. रिक्षा बदलत बदलत, विचारत विचारत ते डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आले होते.

"हाई ले. खरा समिंदरना दगड शेतस," ते म्हणाले. "यासवर उगी का परत?"

ते पाणी टाकीत पडलं असतं तर उरलेले मासेही गेले असते. ललितने कॅन दोन्ही हातांनी घेतला.

"उगेल, आबा. हेच पाहिजे होतं."

आबा खाटेवर टेकले आणि पायांवरचा चिखल पुसू लागले. "केवढा रे समिंदर! इतला वरीस सुरतमा काढात, पन आजच देखा." मग मान वर करून त्यांनी विचारलं, "तू गयेल शे का कधी?"

ललित नूतनला घेऊन दर महिन्याला तिथे टोमॅटोची भजी खायला जात असे.

"नाही, आबा," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी जाऊ."