त्वरित निघावे, मात्र प्रवास टाळावा

संकटात सापडलेल्या माणसाला सर्वांत आधी गरज असते ती सूचनेची. अन्न, पाणी, वाहन वगैरे गोष्टी त्यानंतर येतात आणि पुष्कळदा येतही नाहीत. सूचना मात्र येतेच. हे मी अनुभवानं सांगतो, कारण परदेशी युद्धात अडकलेल्या आपल्या नागरिकांसाठी सूचना लिहिणं हेच माझं काम होतं.

त्या शहरावर बॉम्ब पडू लागले तेव्हा आमचं कार्यालय तिथं नव्हतं. आदल्याच आठवड्यात आम्ही सीमेपलीकडच्या एका गावात हललो होतो. (सूचना शांत चित्तानं लिहाव्या लागतात.) सूचना क्रमांक सात तिथंच, बागेकडे तोंड असलेल्या खोलीत तयार झाली. कलम एक : नागरिकांनी घाबरू नये, मात्र गाफीलही राहू नये. कलम दोन : शहर त्वरित सोडावे. कलम तीन : प्रवास टाळावा. कलम चार : खिडक्यांपासून दूर राहावे.

दोन आणि तीन एकमेकांच्या उरावर बसतायत, असं मी साहेबांना दबकत म्हटलं. साहेबांनी चष्मा पुसला.

"दोन्ही राहू द्या. निघालेला मेला तर त्यानं तीन मोडलं. थांबलेला मेला तर त्यानं दोन मोडलं. आपण काहीच मोडलं नाही."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं निर्दोष बोलणं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका परिचारिकेचा फोन आला. दवाखान्यामागच्या कर्मचारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर आपल्या दहा बायका राहत होत्या. नऊ परिचारिका आणि एक स्वयंपाकीण.

"सर, निघू की थांबू?"

"बाई, कलम दोन वाचा."

"वाचलं. त्यात निघा लिहिलंय."

"मग कलम तीन वाचा."

"त्यात थांबा लिहिलंय."

"म्हणजे तुम्ही दोन्ही वाचलीत. इतकं कोण वाचतं हल्ली."

ती म्हणाली, "एखादी बस पाठवता का?" सूचनेत बसचा उल्लेख नसल्याचं मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. त्यावर तिनं सांगितलं की काल शेजारी बॉम्ब पडला आणि इमारतीच्या सगळ्या खिडक्या उडाल्या. मी नोंद केली : कलम चारचे पालन झाले. खिडकीच उरली नाही, तर माणूस तिच्या जवळ जाणार कसा?

पुढचं मला नंतर कळलं. दवाखान्याच्या चादरी धुवायला नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला त्या परिचारिकेनं गाठलं. त्याची आई तिच्याच वॉर्डात होती, तेवढीच ओळख. सीमेपर्यंत सोडतो, पण उद्या सकाळी, आणि बोचकं एकीला एकच, असं तो म्हणाला. सकाळी नऊ जणी मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये शिरल्या. स्वयंपाकीण मात्र दारातच उभी राहिली. सूचनेची प्रत तिच्या हातात होती.

"ताई, यात प्रवास टाळा म्हटलंय. खाली सही-शिक्का आहे. एवढा मोठा माणूस उगाच सही करेल का?"

"मावशी, वरच्या ओळीत निघा म्हटलंय. चला."

"पण टाळा हे नंतर लिहिलंय ना? शेवटचा शब्द तोच खरा."

परिचारिकेनं तिचा दंड धरून ओढलं. मावशी अंगानं भारी. तिनं दाराची चौकट सोडली नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. गाडी निघाली.

त्याच दिवशी दुपारी इमारत पडली.

नऊ जणी संध्याकाळी सीमेवर पोहोचल्या. तीन चौक्यांवर गाडी अडली होती, आणि शेवटच्या चौकीवर सैनिकांनी गठ्ठ्यांत संगिनी खुपसून पाहिल्या होत्या. एकीच्या पोटरीला जखम होती. ती ओरडली नाही, म्हणून सगळ्या वाचल्या. स्वागताला मी होतो, हार होते आणि फलक होता : 'सूचनेचे पालन, सुखरूप आगमन'. छायाचित्रकार म्हणाला, "जरा हसा." कुणी हसलं नाही. परिचारिकेनं हार हातात घेतला आणि मला विचारलं, "मावशींच्या मुलीला काय सांगू?"

याबाबत मार्गदर्शन मागवतो, असं मी म्हणालो. मागवलंही. अहवालात नऊ जणींनी कलम दोन पाळल्याचं नोंदवलं गेलं आणि स्वयंपाकिणीनं तेच कलम मोडल्याचं. चौकशी झाली नाही, करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. साहेबांना बढती मिळाली.

खरं सांगायचं तर, चार-पाच दिवस मला जेवण गेलं नाही. फोनवर मी एकच शब्द बोललो असतो, 'निघा', तर तो परिचारिकेनं मावशीला सांगितला असता. सरकारी माणूस बोलला म्हटल्यावर मावशी चौकट सोडून गाडीत बसली असती. राजीनाम्याचा मसुदा मी दोनदा लिहिला.

मग या सगळ्याची बातमी मायदेशात छापून आली आणि तिच्याखाली वाचकांचे अभिप्राय आले. 'सरकारनं वेळेवर सांगितलं होतं, लोकच ऐकत नाहीत.' 'मुळात असल्या देशात जायचंच कशाला?' 'पैशाच्या मागे धावलं की असंच होतं.' असे शेकडो होते, आणि प्रत्येकाखाली हजारो अंगठे. मी ते सगळे वाचून काढले आणि त्या दिवशी पोटभर जेवलो. मसुदा फाडून टाकला.

त्यांतला तुमचा कोणता, हे मी विचारणार नाही. तुम्ही नुसता अंगठा दाबला असेल, तरी मी आभारी आहे.