वाजवून बघणारे नाना

नाना वझे कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंत वाजवून बघतात. मधल्या बोटाचं पेर वाकवून टकटक करायचं, मान तिरपी, डोळे मिटलेले. मग निकाल: "पोकळ." काशीतल्या ब्रह्माघाटाच्या वरच्या आमच्या गल्लीत या बोटातून काहीही सुटलेलं नाही. कलिंगड, गॅसचं सिलिंडर, नवं दार, देवळातली दानपेटी. जोशांच्या मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या पाठीवर नानांनी थाप मारली तेव्हा सगळ्यांना वाटलं, कौतुक चाललंय. मुलगा जिना उतरताच नाना म्हणाले, "बिलकुल पोकळ." लग्न झालं. जावई चांगला निघाला, बायकोला जपतो. नानांनी निकाल मागे घेतलेला नाही. "थांबा जरा," एवढंच म्हणतात.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. आमची आणि वझ्यांची भिंत एकच. रोज सकाळी नाना माझा पेपर वाचायला न्यायचे आणि परत देताना त्याची घडी घालून वाजवायचे. काही बोलायचे नाहीत. बोलायची गरज नसे.

सवयीला कारण आहे. नाना रेल्वेत होते, मुगलसरायला. स्टेशनचं नाव बदललं, पण नानांनी ते मनावर घेतलेलं नाही. उभ्या गाडीच्या चाकांवर लांब दांड्याचा हातोडा मारत जायचं आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर आवाज बसतो. वडील वेदपाठी, काका वेदपाठी. त्या घरात सगळे म्हणायला शिकले, नाना एकटे ऐकायला. निवृत्त झाले तेव्हा हातोडा जमा केला. बोट राहिलं.

लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेल्यावर नानांना अक्कांनीच वाढवलं आणि ते काम संपलं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला "नान्या" म्हणून हाक मारणारं गल्लीत ते एकच माणूस होतं. नानांच्या बोटावर विश्वास ठेवणारंही तेच एक. अक्का नारळ फोडण्याआधी नानांकडून वाजवून घेत.

वझ्यांकडे अंगण आहे. आमच्या गल्लीत ही चैन आहे; इथे आभाळसुद्धा पट्टीपट्टीने दिसतं. अंगणात बेल आहे. घाटावरचे पुजारी, शेजारपाजारच्या बायका, सगळे त्याचीच पानं नेतात. नानांच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा अक्का या झाडाला बोलल्या होत्या, "हा वाचला तर तुला संगमरवरात बसवीन." नाना वाचले. बुंध्याभोवती कमरेएवढा चौथरा उभा राहिला, आत माती भरली, वर पांढरी फरशी खोडाला घट्ट भिडवली. दर सोमवारी अक्का तिथे दूध ओतू लागल्या. त्यांचं बघून गल्ली ओतू लागली. दूध, गंगाजल, दही, मध. झाडाला नाही म्हणता येत नाही.

काही वर्षं काही झालं नाही. मग एका श्रावणात पानं पिवळी पडून गळू लागली. बेल उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो, ते रीतीचं. ऐन पावसात टाकतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. शेंड्याकडच्या काटक्या वाळल्या. फरशीच्या फटीतून डिंक पाझरू लागला, तपकिरी, आंबूस वासाचा. एका सकाळी नानांनी खोड वाजवलं. वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी. मी माझ्या गच्चीवरून बघत होतो, निकालाची वाट पाहत. नाना आत गेले आणि पहार घेऊन आले.

चौथरा फोडायला त्यांना दोन सकाळी लागल्या. दुसऱ्या सकाळी सोमवार होता. लोटे घेऊन आलेल्या बायका दारातच थबकल्या.

"का नाना, ये क्या अनर्थ कर रहे हैं?" मिश्राजींनी विचारलं. ते शेजारच्या शिवालयाचे पुजारी.

"रोज सकाळी तुमची तोंडं बघायचा कंटाळा आला," नाना मराठीतच म्हणाले. मिश्राजींना मराठी येतं.

"पूजा आहे हो ही!" जोशीवहिनी म्हणाल्या.

"घरच्या मोरीत ओता. तिथेही देव आहे म्हणता ना तुम्ही?"

गल्ली अक्कांकडे गेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून अक्का वरच्या मजल्यावर खाटेवर होत्या. खिडकीतून त्यांना झाडाचा शेंडा तेवढा दिसे. त्यांनी नानांना वर बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत झाडलं.

"मेल्या, तुझ्या जिवासाठी बांधला होता तो!"

"खाली घूस शिरलीय, अक्का. बीळ पोखरलंय. घूस काढतो, मग पुन्हा बसवतो."

"मग या बायकांवर का भुंकलास?"

"चावली असती एखादीला."

"कोण, घूस?"

बायका हसल्या. अक्काही हसल्या.

घूस नव्हती. नाना उतरले तेव्हा मी अंगणात उभा होतो. त्यांनी मला वाकायला लावलं. खोड जमिनीत शिरताना रुंद होतं, तिथली साल मोकळी हवी, तिला वारा लागायला हवा. इथे ती मातीत आणि दुधात वर्षानुवर्षं भिजत पडली होती. नानांनी बोट लावलं आणि साल ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. आत काळं होतं, आणि खोडाच्या एका बाजूला मूठ जाईल एवढी पोकळी.

"कशाने?" मी विचारलं.

नानांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. "तिच्या दुधाने," ते म्हणाले. "छापू नकोस."

त्यानंतर त्यांनी झाडाची केली तेवढी सेवा माणसाची केल्याचं ऐकिवात नाही. मुळं फुटतात तिथपर्यंत माती हातांनी उकरली. कुजलेली साल जिवंत सालीपर्यंत तासली. वाळक्या फांद्या कापल्या. कापण्याआधी प्रत्येक फांदी नखाने खरवडून बघायचे, आत हिरवं दिसलं तर सोडून द्यायचे. कुणी म्हणालं गेरू लावा, कुणी म्हणालं शेणखत घाला. "आजारी माणसाला श्रीखंड चारता का?" नाना खेकसले. पाणी दिलं ते बुंध्यापासून लांब, फांद्यांची सावली संपते तिथे, आणि माती सुकल्यावरच. अंगणाच्या दाराला कडी लागली. गल्लीने ठरवलं, म्हातारा नास्तिक झाला. मिश्राजी येता-जाता मोठ्याने शिवनाम घेऊ लागले. नाना आतून ओरडायचे, "पोकळ!"

सोमवारचं दूध मात्र चुकवता येईना. अक्का खाटेवर बसून वाटी भरायच्या, हात जोडायच्या आणि नानांच्या हाती द्यायच्या. ते झाडाला घालायचं नव्हतं. देवाच्या नावाचं म्हणून मोरीत ओतवत नव्हतं. बायकांना मोरी सुचवणाऱ्या माणसाला स्वतःची मोरी चालेना. नानांना लहानपणापासून दूध पचत नाही. चहासुद्धा काळा पितात. ते झाडाच्या आड जायचे, खिडकीकडे पाठ करून वाटी तोंडाला लावायचे आणि कडू काढा घेतल्यासारखं तोंड करायचे. सोमवारची दुपार मग शौचालयात जायची.

वरून आवाज यायचा, "नान्या, ओतलंस?"

"ओतलं."

"शेंडा का रे वाळलाय?"

"माकडं मोडतात."

"वाजवून बघ बरं. काय म्हणतो?"

नाना वाजवायचे. इतक्या दिवसांत तो आवाज मलाही कळू लागला होता. रिकाम्या डब्यासारखा, बसका.

"भरीव!" नाना ओरडायचे. "एकदम भरीव, अक्का!"

"मग ठीक," अक्का म्हणायच्या, आणि खिडकी लावून घ्यायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात बेलाच्या एका बाजूला पालवी आली. दुसरी बाजू वाळलेलीच राहिली. अक्कांनी पालवी पाहिली, आणि आठवड्याभरात त्या झोपेतच गेल्या. 

तेरावा झाल्यावर गल्ली अंगणात जमली. चौथरा पुन्हा बांधायचा, पहिल्यापेक्षा मोठा, त्यावर अक्कांचं नाव कोरायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून आणलं होतं. नानांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"नको," नाना म्हणाले.

"अक्का ने आपकी जान के लिए बनवाया था," मिश्राजी म्हणाले. "उनके नाम का एक पत्थर भी नहीं?"

"नको म्हटलं ना."

"निदान कारण तरी सांगा," जोशीवहिनी म्हणाल्या.

कारण एका वाक्याचं होतं. ते सांगितलं असतं तर त्यांचा नास्तिकपणा संपला असता आणि अक्कांनी झाड मारलं असं गल्लीने पुढची पन्नास वर्षं सांगितलं असतं. नाना माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"मला दगड आवडत नाहीत," नाना म्हणाले. "निघा आता."

जाताना जोशीवहिनींनी दाराशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दुसऱ्याला पोकळ म्हणत आयुष्य काढलं. स्वतःची छाती वाजवा एकदा." नानांनी कडी लावली.

पोकळ खोड पुन्हा भरत नाही. झाड जगलं तर त्या पोकळीभोवती जगतं. नानांनीच मला हे सांगितलं होतं.

पुढच्या सोमवारी मी गच्चीवर होतो. दूधवाला नेहमीसारखा दूध देऊन गेला. नाना वाटी घेऊन बाहेर आले, झाडाच्या आड गेले, बंद खिडकीकडे पाठ केली आणि दूध संपवलं. तोंड पुसलं. मग बोट वाकवून खोड वाजवलं आणि मान वर करून थांबले.

वरून कुणी काही विचारलं नाही. त्यामुळे त्या दिवशी त्यांना खोटं बोलावं लागलं नाही.