खिडकीखालचा वाफा

"यंदा वसंतात लोक फुलं बघायला ओकाबेंच्या नाही, आपल्या फाटकाशी थांबतील. लिहून ठेव!" शिगेमित्सु नुमाताने ऑक्टोबरातच बायकोला ठणकावून सांगितलं.

फुसाए मुळा किसत होती. मान वर न करता म्हणाली, "गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात. ट्यूलिप उंदरांनी खाल्ले."

"म्हणून तर यंदा अभ्यास केलाय!"

अभ्यास म्हणजे काय, तर निवृत्त झाल्यापासून हा माणूस रोज कंदांच्या दुकानात हजेरी लावत होता. जपानातल्या या तोनामी गावात फुलांचे कंद बटाट्यासारखे मिळतात, निवडायला वेळ लागायचं काही कारण नाही. पण शिगेमित्सु एकेक कंद उचलायचा, दाबायचा, बुडाला बुरशी आहे का बघायचा, परत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उचलायचा. दुकानदारीण त्याला लांबून पाहिलं की आत चहा प्यायला जायची. शेवटी एकदाचा बेत ठरला. सगळ्यांत पुढे क्रोकस, म्हणजे बर्फ वितळता वितळता रंग. मागे उशिरा फुलणारे ट्यूलिप, तेही जाळीच्या पिंजऱ्यात. आणि मधल्या काळात भाव खायला डॅफोडिल!

"डॅफोडिलला उंदीर तोंड लावत नाही," दुकानदारीण म्हणाली होती. "पानापासून कंदापर्यंत विषारी!"

शिगेमित्सु खूश. याहून खात्रीचा माल कुठला?

अडचण एकच होती. डॅफोडिलसाठी सगळ्यांत झकास जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. दिवसभर ऊन, रस्त्यावरून थेट नजरेत. आणि तिथे फुसाएची लसूणपात, दर वसंतात जुन्याच मुळांतून फुटणारी! त्या पातीचं सारण भरून ती ग्योझा, म्हणजे मोमोसारख्या छोट्या करंज्या, करायची, आणि ते ग्योझा साऱ्या वस्तीत वाखाणले जायचे.

"त्या वाफ्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"मग डॅफोडिल कुठे लावू? डोक्यावर?"

"लावा की. तिथे बरीच जागा मोकळी झालीय."

नोव्हेंबरात फुसाए बहिणीकडे कानाझावाला गेली आणि शिगेमित्सुने डाव साधला. थंडीने पात वाळून गेलेलीच होती. त्याने खालची मुळं खणून खताच्या ढिगात गाडली, तिथे डॅफोडिलचे कंद लावले, माती सारखी केली आणि हात धुऊन सभ्य माणसासारखा बसला. वसंतात फुलं पाहिली की बाईचा राग विरघळेल, असा हिशेब!

मग बर्फ पडला आणि याची झोप उडाली. कंद कुजले तर? घाईत उलटे लावले असले तर? सगळा हिवाळा हा आपला खिडकीपाशी येरझाऱ्या घालतोय!

"अहो, बसा ना जरा! काय आहे त्या बर्फात?"

"बर्फात? बर्फच आहे!"

मार्च संपता संपता बर्फ गेला आणि खिडकीखाली हिरवीगार, चपटी, वीतभर पाती उभी राहिली. थेट लसूणपातीसारखी! हे काही त्याच्या बेतात नव्हतं, पण बरंच झालं की. फुलं येईपर्यंत कोणाला पत्ता लागायला नको.

त्या रविवारी जेवायला ग्योझा होते. शिगेमित्सुने ताट निम्मं फस्त केलं.

"कसे झालेत?"

"फक्कड! पारी काय कुरकुरीत, आणि सारण..." बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. वाफा भुंडा!

"अगं, तिथली पात?"

"कापली की सकाळी. सगळी."

त्याने उचललेला ग्योझा ताटात परत ठेवला. "आणि हे..."

"गरम आहेत तोवर खा. ओकाबेंकडे आणि तोमे आजींकडेही डबा देऊन आलेय."

शिगेमित्सुच्या पोटात गुडगुडलं. सांगावं, तर वाफा खणल्याचं सांगावं लागणार. न सांगावं, तर नव्वदीच्या तोमे आजी!

"मी जरा सायकलवर चक्कर मारून येतो!"

"जेवण टाकून?"

"पचायला बरं असतं!"

शेतांमधून तो असा सुटला की एक बगळा घाबरून उडाला. ओकाबे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष आणि ट्यूलिपच्या बाबतीत शिगेमित्सुचे जुने वैरी. ते ओसरीवर डबा उघडून बसले होते.

"थांबा! खाऊ नका! खारट झालेत!"

"छे हो, बेताचं आहे मीठ," म्हणत ओकाबेंनी एक तोंडात टाकला.

"शिळे आहेत!"

"वाफ येतेय अजून. या, तुम्हीही घ्या."

"अहो, विष आहे त्यात, विष!"

ओकाबेंच्या जेवणाच्या काड्या हवेतच राहिल्या. "वहिनींनी विष घातलं? भांडलात का तुम्ही दोघं?"

"तिने नाही हो, मी!"

"तुम्ही? ट्यूलिपपायी माणूस या थराला जातो?"

मग मात्र शिगेमित्सुला सगळं ओकावं लागलं. कानाझावाची बहीण, मुळं, खताचा ढीग, सगळं! ओकाबे ऐकता ऐकता पांढरे पडले, पोट धरून उठले आणि आत पळाले. आत वस्तीच्या भोंग्याचा माइक होता. भूकंप-पुरासाठीचा!

"सूचना! नुमातांच्या घरचे ग्योझा कोणीही खाऊ नयेत! शिगेमित्सुसान यांनी वहिनींची लसूणपात चोरून खणून काढली असून त्या जागी विषारी डॅफोडिल लावले आहेत! पुन्हा सांगतो..."

"पुन्हा कशाला सांगताय!" शिगेमित्सु किंचाळला. तेही भोंग्यावरून गेलं.

लगेच फोन वाजला. तोमे आजी! "डबा खाऊन, धुऊन, पालथा घालून ठेवला. आता सांगताय होय?"

दोघेही ओसरीवर भिंतीला टेकून, एकमेकांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत बसले. तेवढ्यात फाटकातून फुसाए आली. ॲप्रन तसाच, ओले हात तसेच.

"वहिनी, अँब्युलन्स बोलावू का?" ओकाबे क्षीण आवाजात म्हणाले.

"कोणाला? ती पात मी घातलीच नाही! कापली, चुरगळून पाहिली, तर वासच येईना. म्हटलं, रोग पडला. फेकून दिली खतात. सारणात दुकानातली जुडी आहे."

शिगेमित्सुच्या जिवात जीव आला. पोट क्षणात बरं झालं! पण फुसाए त्याच्याकडे बघत होती.

"मला वाटलं, माझंच काही चुकलं. खत कमी पडलं, पाणी कमी पडलं. सकाळपासून जिवाला लागलं होतं माझ्या! आणि हे सगळं तुमचं?"

"फुलं पाहून तू खूश होशील, असं..." तो पुटपुटला.

"कुठली फुलं? बुडापासून कापलंय मी सगळं!"

ओकाबेंना हसू आवरेना. फुसाएने त्यांच्यापुढे हात केला.

"माइक द्या इकडे. वस्तीतली माणसं घाबरली असतील."

तिने घसा खाकरला. "मी फुसाए नुमाता बोलतेय. ग्योझा खुशाल खा, काही होत नाही. आणि कोणाकडे लसूणपातीची जास्तीची रोपं असली तर कळवा. तुमच्या बागेतलं इतर खणायचं कामही करून मिळेल. माणूस आहे माझ्याकडे, त्याला भारी हौस आहे!"