कुसळचा ब्लॅक-व्हाइट फ्लेक्स

"ब्याड अण्णा, नको. ऐका माझं, कलर मारू या," नागेंद्र तिसऱ्यांदा म्हणाला.

नागेंद्र खासबागेतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. वाढदिवस, वास्तुशांती, सोसायटीवर निवड झाल्याबद्दल अभिनंदन, असं सगळं गावोगावचं सुखदुःख त्याच्या हाताखालून जायचं. समोरच्या स्टुलावर सौरव बसला होता. सौरव दिवसा बेळगावात, आणि महिन्यातून एकदा आपल्या गावी गुंजीतही, घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचायचा आणि उरलेल्या वेळात रॅप करायचा. रॅप करताना त्याचं नाव ‘कुसळ’. कपड्याला चिकटलं की निघत नाही आणि टोचल्याशिवाय राहत नाही, म्हणून हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलं होतं.

"माझ्या कामात कलर चालत न्हाय," सौरव म्हणाला. "ब्लॅक-व्हाइटच पायजे. फोटोत नजर खाली. हसू न्हाय."

"अण्णा, आमच्याकडं ब्लॅक-व्हाइट एकाच कामाला जातंय..."

"नागेंद्र, तुला फ्लेक्स कळतोय. आर्ट कळत न्हाय."

नागेंद्रनं हात जोडले आणि माऊस धरला. फ्लेक्स झाला तो असा: काळ्या जमिनीवर सौरवचा मोठा फोटो, मान खाली. त्याखाली ‘सौरव मारुतीराव पाटील’ आणि बारीक अक्षरात ‘कुसळ’. त्याखाली त्याच्याच रॅपमधली एक ओळ: ‘मी नसलो तरी माझा आवाज इथंच घुमंल.’ शेवटी तारीख आणि ‘रविवार, सकाळी ११ वाजता, हरिभाऊंचा हॉल, टिळकवाडी, बेळगाव’. ‘कार्यक्रम’ हा शब्द सौरवनं मुद्दाम घातला नाही. कमी लिहिलं की वजन येतं, असं त्याचं मत होतं. तळाला नागेंद्रनं हाताच्या सवयीनं ‘समस्त मित्रपरिवार’ टाकलं, ते मात्र सौरवला आवडलं.

हा कार्यक्रम त्याच्यासाठी साधा नव्हता. चार वर्षं तो कुठल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, कुठल्या बंद दुकानाच्या ओट्यावर रॅप करत आला होता. मागच्या खेपेला नऊ माणसं आली होती आणि त्यातली दोन मोबाइल चार्ज करायला. आता कुठे निवृत्त वकील हरिभाऊंनी बंगल्यावरचा व्याख्यानांचा हॉल एका रविवारसाठी दिला होता. तोही अटीवर. "पन्नास श्रोते आले, तर दर महिन्याला हॉल तुमचा," हरिभाऊ म्हणाले होते. "नाही आले, तर योगवर्गवाले थांबलेलेच आहेत." एकदा आपल्या गावातल्या माणसांनीही ऐकावं, म्हणून सौरवनं एक फ्लेक्स गुंजीला, स्टेशनच्या वाटेवर लावायला पाठवला. शुक्रवारी संध्याकाळी दुकानाचा माणूस तो बांधून गेला.

शनिवारी पहाटे सौरवचे वडील मारुतीराव दुधाचे कॅन घेऊन अंधारात त्याच फ्लेक्सखालून स्टेशनला गेले आणि परत आले. वर मान करून बघायची त्यांना सवय नव्हती.

आठ वाजता शेजारचा भावकू आला आणि कट्ट्यावर टेकला.

"बस भावकू. चहा टाकाय सांगतो."

"नगं."

भावकूनं चहाला नको म्हणणं हीच मोठी बातमी होती. मारुतीराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग भावकू म्हणाला, "देवाची करणी. आपुन काय करणार?"

"व्हय, आपुन काय करणार," मारुतीराव म्हणाले. कशाबद्दल चाललंय ते त्यांना कळलं नव्हतं, पण देवाच्या बाबतीत नाही कसं म्हणायचं? भावकू उठला, चपला पायात सारल्या आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

मग बाळाबाई आल्या. त्यांनी सौरवच्या आईला, जयाबाईंना, मिठी मारली आणि रडायला लागल्या. बाळाबाईंचं सुनेशी पुन्हा बिनसलं असणार, असं धरून जयाबाईच त्यांची पाठ थोपटत राहिल्या. "सोस बाई, सोस. सगळ्यांच्या घरी हेच हाय," म्हणाल्या. बाळाबाईंनी आश्चर्यानं त्यांच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि त्याही मुक्यानंच गेल्या. त्यांच्यामागून आणखी चौघंजण येऊन बसून गेले.

आता मारुतीराव अस्वस्थ झाले. दुखवट्याच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही, हा त्या भागातला पक्का रिवाज. अशा कामाला पुन्हा यायची पाळी येऊ नये, म्हणून.

"जया," ते म्हणाले, "सकाळधरनं सहा माणसं आली. एक बी ‘येतो’ म्हणाला न्हाय. आपल्या घरातलं कोण गेलंय काय?"

"घरात आपुन दोघंच हाय. मोजा की," जयाबाई म्हणाल्या.

मारुतीरावांनी खरंच मनात मोजलं. दोघं होते. मग दोघांनाही एकदमच तिसरा आठवला. सौरवचा फोन लावला, तर बंद. पुन्हा बंद. मारुतीराव तसेच अनवाणी स्टेशनच्या वाटेला लागले आणि फ्लेक्ससमोर येऊन उभे राहिले. काळी जमीन, खाली मान घातलेला मुलगा, त्याखाली त्याचं पूर्ण नाव.

त्या वेळी सौरव खासबागेतल्या आपल्या खोलीत होता. भिंतींना गाद्या टेकवून, फोन बंद करून तो शेजारच्या विणकराच्या मागाचा खटक-खटक आवाज रेकॉर्ड करत होता. त्या तालावरच तो रॅप बसवायचा. फोन चालू केला तर सोळा मिस्ड कॉलचे मेसेज.

"आप्पा, काय झालं?"

"कोण बोलतंय?"

"मी सौरव."

"जित्ता हाईस?"

"हाय की!"

"बरं झालं. आता घरला ये. मारतो तुला."

मग सगळा उलगडा झाला. सौरवचं तोंड उतरलं. "आप्पा, ते माझ्या कार्यक्रमाचं हाय," तो म्हणाला आणि हॉलची, हरिभाऊंची, पन्नास माणसांची सगळी हकिकत त्यानं एका दमात सांगितली.

"त्या तुझ्या बडबडीला पन्नास माणसं?"

"बडबड न्हाय आप्पा, रॅप हाय. जाऊ दे. आता गावातनं कोण येतंय? तेवढा फ्लेक्स काढून टाका."

"बघतो," मारुतीराव म्हणाले.

फोन खिशात ठेवून ते फ्लेक्सवरची तारीख आणि वेळ वाचू लागले. तेवढ्यात बाळाबाईंचा नवरा जोतिबा आला आणि त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मारुतीराव, काय कानावर आलं ह्ये?"

मारुतीरावांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा जोतिबाकडे, आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

रविवारी साडेदहाला हॉलमध्ये मोजून तीन माणसं होती. नागेंद्र आणि कॉलेजची दोन पोरं. सौरव आतल्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाजवळ, हातात कागदाची गुंडाळी घेऊन बसला होता. मीटर वाचायच्या मशीनला जो लांब कागद लागतो, त्याच्या उरलेल्या गुंडाळ्यांवर तो लिहायचा. आज ती गुंडाळी त्याला योगवर्गाच्या चटईसारखी दिसत होती.

पावणेअकराला खाली दोन टेम्पो थांबले. जिन्यावर पावलं वाजली. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. सगळ्यांनी चपला बाहेर ओळीत काढल्या आणि सतरंजीवर मांड्या घालून बसले. कुणी कुणाशी बोलेना.

हरिभाऊ भारावून आत आले. "सौरव, तुमचे श्रोते फार शिस्तीचे आहेत हो! एकाच्याही हातात मोबाइल नाही. मी त्र्याऐंशी मोजले, अजून येतायत."

"माझे?" सौरव म्हणाला.

"एका बाईंनी तर माइकमागच्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोला हार घातला. कवीचा असा मान मी टिळकवाडीत पाहिला नव्हता."

सौरवनं दाराच्या फटीतून पाहिलं. हार घालणाऱ्या बाई म्हणजे त्याच्या आत्ती, मालुबाई. जन्मभर निपाणीत विड्या वळलेल्या आणि भावकीत कुणालाही न भिणाऱ्या. पहिल्या रांगेत त्याची आई तोंडाला पदर लावून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. शेजारच्या बायका तिला धीर देत होत्या. आई हसत आहे, हे फक्त सौरवला कळलं.

तेवढ्यात भावकू उठून माइकपाशी गेला.

"सौरव म्हंजे सोनं हुतं सोनं. कवा वर मान करून बोललं न्हाय. मीटर बघाय यायचं, तर आधी काकूस्नी नमस्कार करायचं. असं पोरगं पुन्हा व्हनार न्हाय..."

सौरवला राहवलं नाही. चार वर्षांत त्याचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. तो दार उघडून बाहेर आला.

"आगं आई गं!" म्हणून भावकू माइकसकट खाली बसला. हॉलभर एकच ओरडा झाला. मालुबाई मात्र उठल्या, सरळ पुढे आल्या, सौरवला उराशी घट्ट धरलं, मग एक पाऊल मागे सरून सणसणीत थोबाडीत दिली.

"हुंदके देत आलो रं मी निपाणीपासनं!"

"आत्ती, माझा रॅपचा कार्यक्रम हाय ह्यो."

"आनी भावकू एवढं सोनं सोनं म्हणाला, त्येचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

भावकू सावरला होता. "माझं काय? मी बोललेलं समदं मागं घेतो. कसलं सोनं? गावाकडं आलं की रस्त्यानं एकटंच बडबडत हिंडतंय!"

माणसं उठायला लागली. हरिभाऊ गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. सौरवला योगवर्गाची चटई पुन्हा दिसली. मग त्यानं खाली पडलेला माइक उचलला, नागेंद्रला खूण केली आणि मागाचा खटक-खटक ताल हॉलमध्ये सुरू झाला.

"चारला उठून बा माझा कॅन घासतोय,
गाव झोपलंय, ह्यो एकटाच खोकतोय.
दूध जातंय शहराला, साय बी जातीय,
आमच्या वाटणीला कोरी चा येतीय!"

"अरं, व्हय की!" जोतिबा उभ्या उभ्याच म्हणाला.

उठलेली माणसं थांबली. शहरात राहून पोरगं आपल्याच घरातलं बोलतंय, हे त्यांना दुसऱ्या ओळीलाच कळलं. तिसऱ्यांदा ‘कोरी चा येतीय’ आलं, तेव्हा बायकांनी भजनातल्यासारखं पाठीमागून उचलून धरलं. मालुबाईंनी सोबत आणलेल्या पातेल्याचं झाकण मांडीवर घेतलं आणि विडीच्या सुपावर ठेका धरावा तसा बोटांनी ठेका धरला. सौरवला जोर चढला.

"मीटर बघाय गेलो की कुत्रं सोडत्यात,
बिल हातात आलं की माझं कूळ काढत्यात!"

सगळा हॉल भावकूकडे बघून हसला. त्याचं कुत्रं गुंजीत प्रसिद्ध होतं. शेवटी भावकूही टाळी देऊ लागला. गुंडाळी उलगडत उलगडत पहिल्या रांगेपर्यंत गेली, तेव्हा कुठे सौरव थांबला. हरिभाऊंनी डायरी काढून पुढच्या महिन्याच्या रविवारी स्वतःच्या हातानं त्याचं नाव लिहिलं. ‘श्री. कुसळ’ असं.

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मालुबाईंनी निपाणीहून बुट्टीभर भाकऱ्या आणि पातेलंभर पिठलं आणलं होतं. ते तिथंच सतरंजीवर वाढलं गेलं. जेवता जेवता मालुबाईंना एकदम आठवलं.

"का रं मारुती, काल मी तुला फोन केलतो. पोराचं खरं काय म्हणून इचारलं. तवा तू काय म्हणालास?"

मारुतीराव खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.

"मीच सांगतो," मालुबाई म्हणाल्या. "म्हणाला, ‘आक्का, फोनवर सांगाय जमायचं न्हाय. पोराला बघायचं असंल तर रविवारी अकराला टिळकवाडीला ये. सगळ्यांस्नी घेऊन ये.’ मी हिकडं रडालोय आनी ह्यो मला पत्ता सांगालाय!"

"मला बी तेच म्हणाला," जोतिबा म्हणाला. "‘उशीर करू नगा’ म्हणून वर!"

सौरव वडिलांकडे बघत होता.

"मी खोटं काय बोललो?" मारुतीराव शांतपणे म्हणाले. "चार वरसं पोरगं बोलावतंय. जित्त्या माणसाला ऐकाय तुमच्यातला एक तरी आलता? मी बी आलो न्हवतो. आनी पन्नास माणसं पायजे हुती." त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "चांगलं झालंय आक्का पिठलं."

जेवणं झाली, पातेली उचलली गेली. मंडळी जिन्याकडे निघाली. ज्या कामासाठी घरून निघाली होती, त्या कामाच्या सवयीनं गुपचूप चपला शोधू लागली. सौरव दारात उभा होता. एकेक जण मुक्यानं समोरून जाताना बघून त्याला कसंतरीच झालं. मालुबाई दोन पायऱ्या उतरल्या आणि जीभ चावून वळल्या.

"येतो रं, कुसळ!"

मग सगळ्यांनाच आठवण झाली. "येतो बाबा." "येतो हं." "येतो, आनी मीटर बघाय येताना हाक मार, कुत्रं बांधतो." जिना ‘येतो’नं भरून गेला.

सगळ्यांत शेवटी मारुतीराव आले. टोपी नीट केली.

"येतो मी," ते म्हणाले.

"आप्पा, जाताना गुंजीतला तेवढा फ्लेक्स काढा."

"काढतो." ते चार पायऱ्या उतरले आणि थांबले. "पुढच्या महिन्यात हाय म्हणालास न्हवं?"

"व्हय."

मारुतीरावांनी मान वर करून दाराशी उभ्या असलेल्या नागेंद्रला हाक मारली.

"मग काढायचा कशाला? खालची तारीख तेवढी बदलून दे बाबा. आनी कलर मारू नगंस."