अण्णांचं ‘आवं’

उंब्रजमध्ये लग्नाच्या वरातीत डीजेची वायर उपटली गेली, की ती आमच्या शेजारच्या अण्णांनीच उपटली हे आता नवरीकडच्यांनाही ठाऊक झालंय.

फौजेतून हवालदार होऊन परतलेले अण्णा एरवी गाण्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांचा राग एकाच गाण्यावर, आणि ते गाणं त्यांच्याच लेकीचं.

सुनीता लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिकडे तिनं बँड काढला. आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि सोबत गिटार, ड्रम. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, आता नाहीत. पण हयातीत फोनवर टिपलेला त्यांचा आवाज सुनीतानं गाण्यात तसाच ठेवलाय. सुरुवातीला वहिनी म्हणतात, “आवं!” आणि धाडकन ड्रम सुरू. मराठीत धड पाणीही मागता न येणारी तिकडची आपली पोरं त्या ‘आवं’वर हात वर करून नाचतात. गाणं फिरत फिरत आमच्या वरातीतही आलं.

अण्णांचा जळफळाट तिथंच. “जल्मभर ती हाक माझी हुती, गड्या,” ते म्हणाले. “आन आता त्यो केसाळ गिटारवाला शेजारी हुबा ऱ्हाऊन फुकटात ऐकतोय!”

खरं सांगतो, मला अण्णांचाच हेवा वाटायचा. आमची ही मला सरळ नावानं हाक मारते, तीही रिक्षावाल्याला थांबवावं तशी.

एकदा माझ्यासमोरच त्यांनी लेकीला फोन लावला. “माझं आवं काढ त्यातनं. ऑर्डर हाय!”

सुनीता बधली नाही. “अण्णा, माझ्या पोरांना आजी तेवढीच ठावं हाय. लोक मला इचारत्यात, तू कुठली? मी आईला ऐकवते. सांगा, काढू?”

अण्णा मिशी ओढत बसले. “ऱ्हाऊ दे,” म्हणाले. मग हळूच, “समद्या जगाला म्हंती. घरात मला कोण म्हणतंय?”

 सुनीतानं काटछाट न केलेलं मूळ रेकॉर्डिंग त्यांना पाठवून दिलं.

एप्रिलच्या भर दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं. अण्णा खाटेवर पडलेले, फोन छातीवर. फोनमधून वहिनी म्हणाल्या, “आवं, त्यो पंखा बंद करा की. समदा त्याचाच आवाज येतुया.”

अण्णा उठले. पंखा बंद केला. आणि ओवी संपेपर्यंत घामानं निथळत बटणापाशी तसेच उभे राहिले.